तुझी सळई वाकली

जना,

तुझी सळई वाकली.

फार नाही. लादीवर पालथी ठेवली तर मधोमध खालून तांदळाचा दाणा सरकतो, एवढीच. पण वाकली. "बाय, वाकली की पयलं मला सांग, मला बघायची हाय," असं तू म्हणाला होतास. दर दिवाळीला घरात पाय ठेवायच्या आधी तुझा तोच प्रश्न, "वाकली का?" मी म्हणायचे, "नाय." मग तू असा हसायचास की बघणाऱ्याला वाटावं, तुझ्या पोरीचा शाळेत पहिला नंबर आला. आज लादीवर तो दाणा सरकताना पाहिला आणि माझा हात आधी फोनकडेच गेला. नंबर लावायच्या आधी आठवलं. तरी सांगायचं तर आहेच, म्हणून लिहायला बसले. रात्र आहे, सगळे झोपलेत. लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही, त्यामुळे भीती नाही.

तुझं तेरावं होईपर्यंत मी भट्टी पेटवली नाही. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला एवढं सुतक नसतं, असं आमच्या विचुंब्याच्या बायका म्हणाल्या. नसेल. मला कढई चढवावीशी वाटली नाही. नव्या बिल्डिंगांमधल्या बायकांचे शेव-चकलीच्या ऑर्डरीसाठी फोन आले, त्यांना नको सांगितलं. काल तुझ्या घरचं गोड जेवण झालं, आणि आज सकाळी भट्टी साफ करायला घेतली. राख काढली, आत हात घालून तिन्ही सळया ओढून घेतल्या. कडेच्या दोन नेहमीसारख्या पोट काढून बसलेल्या. मधली तुझी. ती मी एवढ्या वर्षांत कधी बाहेर काढून पाहिलीच नव्हती, कारण तिच्याकडे बघायची गरज कधी पडली नाही.

सळया उलट्या करायची आपली रीत तुझ्या कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हती, हे तू मला हसत हसत सांगितलं होतंस. जासईच्या आपल्या घरात आई मिठागरावरून आली की घरापुढे भजी तळायची. त्या चुलीवर तीन सळया आडव्या, त्यावर कढई. काही महिन्यांत सळया खाली झुकायच्या. मग गौरी-गणपतीच्या आधी आई त्या बाहेर काढायची, घासायची आणि पोट वर करून परत बसवायची. पुढच्या महिन्यांत कढईच्या वजनानं त्या सरळ व्हायच्या, मग हळूहळू दुसऱ्या बाजूला झुकायच्या, की परत उलट्या. सगळ्या आळीत असंच चालायचं. कुणाला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. तुला वाटलं.

तू केवढा होतास, माझ्या कमरेएवढा. कढई दोन हातांनी उचललीस आणि म्हणालास, "आये, ही तर मी पन उचलतो. मग एवढी जाड सळई कशी वाकली?"

आई म्हणाली, "दमली."

"लोखंड दमतं?"

"रोज विस्तवावर बस तू, मग तुला कलेल."

पुढे कितीतरी दिवस तू जो भेटेल त्याला विचारत होतास, लोखंड दमतं का. लोहाराला विचारलंस, गुरुजींना विचारलंस. थंड असताना त्याच सळईवर तू स्वतः उभा राहिलास, दोन्ही बाजूंना विटा लावून. ती हलली नाही. "बघ बाय, माझ्या वजनाला वाकत नाय आन रिकाम्या कढईला वाकते." मी तेव्हा शाळा सोडून घरीच होते. चौथी झाली आणि तू झालास, आई मिठागरावर जायची, तुला कोण सांभाळणार? त्यात कुणाला विचारायचं नव्हतं आणि कुणी विचारलं नाही. आता त्या मिठागरांवर कंटेनर उभे आहेत. काल तुझ्या घरून येताना रिक्षातून पाहिले, एकावर एक, रंगीबेरंगी.

तू डिप्लोमा केलास, तळोज्याच्या कारखान्यात लागलास, प्रयोगशाळेत गेलास. तिथे तुला काय काम मिळालं ते ऐकून मी हसले होते. आग लागली तरी लवकर मऊ पडणार नाही असं इमारतीचं लोखंड तयार करायचं. "म्हनजे आयच्या सळईचंच काम की रे," मी म्हणाले. तू म्हणालास, "बाय, मी साहेबांना इंटरव्ह्यूत हेच सांगितलं होतं."

"काय सांगितलंस?"

"आमच्या घरी सळया उलट्या करतात ते."

"अगं बाय. लाज नाय वाटली?"

"नाय. साहेब उठून फळ्याकडं गेले आन चित्र काढाया लागले."

ती सळई तू घेऊन आलास तो दिवस मला आठवतो. वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरली होतीस. हे ओट्यावर बसले होते, म्हणाले, "काय जनाभाऊ, मोऱ्याच्या बंदरावरनं बोंबील का?" तू कागद सोडलास. काळी, ओबडधोबड सळई, आमच्या सळयांहून काही वेगळी दिसेना. प्रयोगासाठी ओतलेल्या लोखंडाचा कापून उरलेला तुकडा, साहेबांना विचारून गेटपासावर आणलेला. यांनी हातात घेऊन वजन करून पाहिलं आणि म्हणाले, "यात हाय काय एवढं?"

"थोडं मॉलिब्डेनम, किंचित नायोबियम, जरासं क्रोमियम," तू म्हणालास.

"म्हंजे वैद्याचं बेलफळाचं चूर्ण," हे म्हणाले आणि अंघोळीला गेले.

मी मात्र विचारलं. तुझ्यापुढे मला विचारायची लाज वाटायची नाही. तू ताटात चण्याची डाळ पसरलीस, तळव्यानं दाबून ढकललीस, थर सरसर सरकला. लोखंडाचे कण असे थरांनी बसलेले असतात, म्हणालास. वजन पडलं की थर थरावरून सरकायला बघतो, म्हणजेच लोखंड वाकतं. थंड असताना कण जागेवर घट्ट असतात, सरकणं अवघड जातं. तापलं की सगळे कण नाचायला लागतात आणि सरकणं सोपं होतं. मग डब्यातून चार वाटाणे घेतलेस आणि डाळीत मिसळलेस. आता ढकललं तर थर अडखळत गेला. "हा वाटाणा म्हंजे मॉलिब्डेनम. त्याचा कण लोखंडाच्या कणाहून मोठा असतो. मधे बसला की आजूबाजूच्यांना सुखानं सरकू देत नाय."

"आन ते दुसरं?"

"नायोबियम कार्बनला पकडतं आन दोघं मिळून बारीक बारीक खडे करतात. डोळ्यांनी दिसनार नायत एवढे. थर सरकाया लागला की असा एखादा खडा आडवा येतो. त्याला ओलांडून जायला जोर लागतो, वेळ लागतो."

मी म्हणाले, "तुझी डाल तर थंडच हाय."

तू कपाळाला हात लावलास. "हेच. आमच्या साहेबांचा पन हाच प्रश्न असतो. ताटात सगल्यांना जमतं, विस्तवावर काय होतं ते बोला."

मग मी विचारलं, वाटाणे जास्त घातले तर आणखी चांगलं होईल की नाही. तू म्हणालास, नाही. मॉलिब्डेनम महाग आहे, आणि प्रमाण वाढलं की सांधताना, वेल्डिंगच्या जागी लोखंड ठिसूळ व्हायची भीती. मी म्हणाले, शेवेत मोहन जास्त पडलं की शेव सोऱ्यातून येतानाच तुटते तसं. तू थोडा विचार केलास. "तसंच नाय, पन जवळपास." माझं बोलणं सरळ चूक आहे असं तू कधी म्हणत नव्हतास. जवळपास म्हणायचास. त्या एका शब्दावर मी किती पुढे गेले तुला कल्पना नाही.

कारखान्यात तुझे पुष्कळ दिवस वाईट गेले. मॉलिब्डेनम कमी करून त्याची कसर नायोबियमनं भरून काढायची, असं तुझं चाललं होतं. सळई थंड असताना ताणली तर उत्तम, आणि भट्टीत सहाशेवर तापवून ताणली की टॉफीसारखी लांब. मग परत ओतायचं, परत लाटायचं, परत ताणायचं. अशा दिवशी तू घरी न जाता आधी माझ्याकडे यायचास. खारी शेव खायचास आणि भट्टीतल्या सळईकडे बघत बसायचास. सहाशे डिग्री म्हणजे काय ते मला तिथेच शिकवलंस. दिवा घालवायचा, दार लोटायचं, आणि अंधारात सळई जेमतेम लाल दिसायला लागली की ते सहाशे. साधं लोखंड तिथे पोचलं की निम्मी ताकद घालवून बसतं. तुझ्या लोखंडाची तीन हिश्श्यांतली दोन शिल्लक राहायला हवी, ही तुमच्या कामाची अट. "आन चांगलं लालबुंद झालं तर?" मी विचारलं होतं. "मग माझंही दमतं, बाय. कोन दमत नाय?"

पहिल्या वर्षी आपण मोठी चूक केली. आपण म्हणते, पण तुझीच. तू तुझी सळई भिंतीकडच्या बाजूला बसवलीस आणि बाकी दोन साध्या तशाच. "यांना उलटी करायची नाय. मला फरक बघायचा हाय," असं बजावून गेलास. मी उलट्या केल्या नाहीत. दिवाळीच्या ऑर्डरी आल्या, भट्टी दिवसभर पेटती. दोन सळया झुकत गेल्या, तुझी जागची हलली नाही, आणि एका सकाळी मी शेव पाडत असताना कढई माझ्या बाजूला कलली. तेल काठावरून उतरलं. विस्तवात पडलं आणि ज्वाळ उठली ती थेट कौलांच्या वाशापर्यंत. मी मागे सरकले, भिजलेलं गोणपाट टाकलं, यांनी वाळू आणली. वासा काळा पडला, माझ्या पदराची कड जळली, तेवढ्यावर निभावलं.

तू आलास तेव्हा हे म्हणाले, "ये जना. कढईला छान उतार काढून दिलास. आता शेव आपोआप बाहेर येते."

तू आधी हसलास. इतका हसलास की डोळ्यांतून पाणी आलं. मग माझ्या पदराकडे तुझं लक्ष गेलं आणि हसू थांबलं. खाली बसून तिन्ही सळयांवरून हात फिरवलास. "हे माझ्या ध्यानातच आलं नाय," म्हणालास. "मी एकट्या सळईचा विचार केला. तिघी मिळून कढई धरतात. त्यातल्या दोघी झुकल्या की त्यांच्यावरचं वजन तिसरीवर जातं. ती झुकत नाय म्हनून." मग तू तुझी सळई मधे घेतलीस, साध्या दोन दोन्ही कडांना. त्या दोन मी वर्षातून उलट्या करायच्या आणि तुझी तशीच राहू द्यायची, असं ठरलं. त्यानंतर कढई कधी कलली नाही. साध्या दोन झुकल्या तरी ती मधल्या सळईवर बसून राहायची, आणि बाजूंना थोडी डुगडुगली की मी समजायचे, उलट्या करायची वेळ झाली. तू कारखान्यात या भट्टीला बहिणीची लॅब म्हणायचास. "आमच्या मशीनवर सळईची परीक्षा तासाभराची. तुझ्याकडं वर्षांची."

तो काळा वासा तू विसरला नाहीस. आम्ही कौलं काढून वर खोली चढवली तेव्हाच तो तुझ्या डोक्यात परत आला असणार. आमच्या किरणच्या लग्नानंतर जागा पुरेना. भट्टीच्या बरोबर वर दोन गर्डर टाकले, त्यावर फरशी, वर छान हवेशीर खोली. सून प्रणाली बाळंतपणाला माहेरी गेली होती, ती बाळाला घेऊन येईल तेव्हा त्यांनी वर राहायचं, असं ठरलं. रंगसुद्धा लावून झाला. तू आलास, पेढा घेतलास आणि तो हातात तसाच धरून भट्टीपाशी उभा राहून वर बघत राहिलास.

किरण म्हणाला, "मामा, काय बघतोस?"

"गर्डर उघडे हायत."

"मग? रंग मारलाय."

"भट्टीच्या डोक्यावर उघडे हायत. आग लागली तर मऊ पडतील."

"मामा, लोखंड कुठं जळतं?"

"जळायला कशाला पाहिजे? मऊ पडलं की पुरे. वर तुमी झोपलेले असनार."

किरण यांच्याकडे बघून हसला. हे म्हणाले, "जना, टावरच्या गोष्टी आमच्या घराला कशाला लावतोस? एवढंच हाय तर कारखान्यातनं तुझं लोखंड आन, आमी बसवतो."

"ते दुकानात नाय मिळत, भावोजी. ऑर्डरवर बनतं. आन मिळालं असतं तरी मी हेच सांगितलं असतं. जाळी गुंडाळा, दोन बोटं प्लास्टर घाला. भट्टी मागच्या अंगणात घेता आली तर सगळ्यात बरं."

त्या दिवशी मी तुझ्याशी भांडले. त्यांच्यासमोर नाही, ते बाहेर गेल्यावर. मी म्हणाले, आयुष्यभर विस्तवात न वाकणारं लोखंड करतोस आणि बहिणीच्या घराची वेळ आली की सिमेंट सांगतोस, मग त्या वाटाण्यांचा आणि खड्यांचा उपयोग काय? तू रागावला नाहीस. तसाच पेढा हातात.

"माझं लोखंड आग थांबवत नाय, बाय. कुनीच नाय थांबवत. ते फक्त वेळ देतं. मानसं जिना उतरेपर्यंत उभं राहतं, तेवढंच त्याचं काम."

"तेवढ्यासाठी एवढी वर्षं घालवलीस?"

"तुझे गुडघे बघ. तुला जिना उतरायला किती वेळ लागतो?"

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. मी आत निघून गेले. तू ओट्यावरून ओरडून सांगितलंस, "रविवारी येतो, जाळी घेऊन. तोवर कुनी वर झोपू नका." पेढा तू खाल्लास की नाही ते मी पाहिलं नाही.

शनिवारी सुगंधाचा फोन आला. तुझी बायको कधी मला थेट फोन करत नाही, किरणला करते. तिचं नाव पाहूनच मला कळलं, रविवारी तू येणार नाहीस.

आपलं दुसरं भांडण त्याहून जुनं होतं आणि तेही तसंच राहिलं. तू म्हणायचास, "तू सातवीची परीक्षा बाहेरून दे. मी फॉर्म आनतो." मी म्हणायचे, "मग शेव कोन तळेल?" तू म्हणायचास, "तू शिकली असतीस तर त्या लॅबमधे तू असतीस, मी नाय." आणि मी चिडायचे. का चिडायचे ते तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटायचं, माझी शाळा तुझ्यामुळे सुटली म्हणून मला वाईट वाटतं. कधीकधी वाटायचं, खोटं कशाला बोलू? पाटी घेऊन जाणाऱ्या मुली दिसल्या की वाटायचं. पण तू येऊन ते असं बोललास की मला वाटे, तू माझं काहीतरी परत द्यायला आला आहेस. मला परत नको होतं. तू डाळ पसरलीस त्या ताटावर माझी पाचवी झाली, अंधारात सळईचा रंग बघताना सहावी झाली. मला तेवढं पुरलं. हे तोंडाने बोलायला जमलं नाही. जमलं असतं तर तू परत "जवळपास" म्हणाला असतास.

आज सळई लादीवर ठेवून मी बराच वेळ बसले होते. तू म्हणाला होतास तेच झालं होतं. कडेच्या दोघी झुकत गेल्या, त्यांच्यावरचं वजन मधलीवर येत गेलं. मी त्या दोघींना वेळच्या वेळी उलट्या करत राहिले, मधलीला हात लावला नाही, कारण कढई सरळ होती. आपले अण्णा गेल्यावर जमिनीची कोर्टकचेरी तू बघितलीस. आईचा दवाखाना तू बघितलास. किरणचं ॲडमिशन, यांचं ऑपरेशन, सुगंधाच्या भावाची नोकरी, सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं आणि तू कधी नाही म्हटलं नाहीस. तुझ्या छातीत दुखत होतं हे आम्हाला कळलं नाही रे. कढई हलत नव्हती ना.

तेवढ्यात किरण आला. सोबत टेम्पोवाला आणि नवीन खाट. उद्या प्रणाली बाळाला घेऊन येणार म्हणून खाट आजच वर न्यायची होती. हे ओट्यावरून सूचना देत होते, जिन्यात कशी आडवी करायची वगैरे.

मी म्हणाले, "खाट वर जानार नाय."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. टेम्पोवाल्यानं खाट अर्धवट धरलेली खाली ठेवली. हे वळून बघायला लागले.

किरण जवळ आला. हळू बोलला. "आई, मामा गेला म्हणून तुला असं वाटतंय."

"मामा गेला म्हनून नाय. ये हितं. बस."

तो बसला. मी त्याच्या हातात कढई दिली. तो म्हणाला, "काय करू?"

"किती जड हाय?"

"काही जड नाही."

मग मी तुझी सळई लादीवर पालथी ठेवली आणि मधोमध खालून तांदळाचा दाणा सरकवून दाखवला. म्हणाले, ही मामाची सळई आहे. यात मॉलिब्डेनम आहे, नायोबियम आहे, क्रोमियम आहे. तापली तरी कण सुखानं सरकू नयेत म्हणून ते घातलेलं असतं. ही साध्या सळईपेक्षा किती जास्त टिकली ते तू लहानपणापासून बघतोयस. हीसुद्धा या एवढ्या कढईखाली वाकली. तुझ्या डोक्यावरचे गर्डर साधे आहेत, आणि त्यांच्यावर कढई नाही, तू आहेस, प्रणाली आहे, बाळ आहे.

किरण वर बघायला लागला. मग सळईकडे. "पण ही तर रोज तापते, आई. गर्डर रोज थोडेच तापतात?"

"म्हनून ते अजून सरळ हायत. एकदाच तापले तर पुरे."

"किती वेळ टिकतील?"

ते मला सांगता आलं नाही. ते तुलाच सांगता आलं असतं. मी म्हणाले, "मला नाय माहीत. मामाला विचाराया हवं होतं तेव्हा आपन हसत होतो."

किरणने कढई खाली ठेवली आणि उठून टेम्पोवाल्याला म्हणाला, खाट पुढच्या खोलीत लाव. हे म्हणाले, "पुढच्या खोलीत मी झोपतो."

"मग तुमी वर झोपा," मी म्हणाले.

हे थोडा वेळ गर्डरकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नको. मी ओट्यावर झोपीन."

दुपारी किरणने युनूसभाईंना आणलं. पनवेलहून आपलं सगळं लोखंडकाम तेच करतात, हे गर्डरही त्यांनीच टाकलेले. मला वाटलं, उगाच काम वाढवता म्हणतील. ते म्हणाले, "जनार्दनभाईंचा मला शुक्रवारीच फोन आलेला, भाभी. जाळी कुठली घ्यायची, कशी आवळायची, सगळं सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही या, मिळून करू. खुदा त्यांना जन्नत देवो." जाळी घेऊन उद्या सकाळी येतात. भट्टी मागच्या अंगणात घ्यायचं किरणच बोलला, पावसाळ्याच्या आधी. तोवर वरच्या खोलीला कुलूप. किल्ली माझ्या कमरेला आहे. प्रणालीला फोनवर सांगितलं, ती म्हणाली, बाळ आजीजवळ खालीच बरं.

आता सळयांचं सांगते.

कडेच्या दोन मी टाकून दिल्या, त्या फार झिजल्या होत्या. युनूसभाईंकडून तीन साध्या नव्या घेतल्या, दोन मधे शेजारी शेजारी, एक उजव्या कडेला. तुझी उलटी केली, पोट वर, आई करायची तशी, आणि डाव्या कडेला बसवली. मधे आता ती राहणार नाही. पुष्कळ केलं तिनं. पुढच्या वेळी चौघींनाही एकदमच उलट्या करीन, कुणाला वगळणार नाही. भट्टी पेटवली, तेल न घालता रिकामीच कढई ठेवली, दार लोटून दिवा घालवला. चारही सळया अंधारात काळपट लाल होईपर्यंत थांबले. तुझी कुठली ते रंगावरून ओळखू येत नव्हतं.

कढई सरळ बसली आहे, जना. उद्या शेव काढते.